बोलायला एकानं या

छत्रपती संभाजीनगर,
२३ जून २०२४

ती. अक्कास,
अमरदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून नवल वाटेल. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनानं भरून काढतेस. मागच्या खेपेला मी तुझ्या गुडघ्याचं विचारलं आणि तू मला शेजारच्या म्हशीचं सांगितलंस. तेव्हापासून भाग्यश्रीचं म्हणणं आहे, की अक्कांना पत्रच लिहीत जा, सगळा जन्म अंगणवाडीत काढलेल्या बाईला वाचायला काय लागतं.

प्रीतीनं बारावीला नाव काढलं. प्रसेनजितनं गावात लागलेल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. त्यात शुभेच्छुकांची एवढी तोंडं होती की तुझी नात शोधायला मला चष्मा बदलावा लागला. खालच्या कोपऱ्यात सापडली एकदाची. तिचं भूमला बी.एस्सी.ला नाव घातलंत हे फार चांगलं केलंत. आपल्या घरातली ती पहिली पदवीधर मुलगी होणार.

आता माझं काम. आमच्या प्रशिक्षण संस्थेत नवीन ग्रामसेवकांची तुकडी आली आहे आणि तिच्यापुढं मला बोलायचं आहे. विषय दिला आहे 'समाजात नेतृत्वाचं महत्त्व : काल आणि आज'. 'आज'चं मी पुस्तकांतून जमवीन. 'काल'साठी मात्र मला आपले वडील, आपले दादाच हवे आहेत. वाडीला मुक्कामी गाडी दादांमुळं आली, ड्रायव्हर-कंडक्टर आपल्या घरी जेवले, एवढंच मला ठाऊक. मी तेव्हा पाळण्यात होतो. तू सविस्तर लिहून पाठव. व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा आळस करू नकोस.

सूनबाईंना आणि प्रसेनजितला जयभीम. प्रीतीच्या पाठीवर माझ्या वतीनं एक थाप. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा धाकटा,
अमरदीप


बोरखळवाडी, पो. ईट, ता. भूम,
३० जून २०२४

चि. अमरदीप यास,
अक्काचा जयभीम व अनेक आशीर्वाद. इकडील सर्व ठीक आहे.

म्हशीचं सांगितलं कारण ती खरंच आजारी होती. आता बरी आहे. माझा गुडघा होता तिथंच आहे.

दादांचं लिहिते. बहात्तरच्या दुष्काळात ईटपासून वाडीपर्यंत खडी फोडून रस्ता झाला. दादा त्या कामावर मुकादम नव्हते, साधे मजूर होते. पण माणसांत भांडण लागलं की मुकादम दादांनाच हाक मारायचा. रस्ता झाल्यावर दादा आणि गावातले बब्रुवानचे वडील दोघं मिळून एसटी मागायला गेले. मुक्कामी गाडी मिळाली. दिवस मावळल्यावर यायची, इथंच थांबायची आणि सकाळी भूमला जायची. थांबा कुठं करायचा यावर गावात खल सुरू झाला. पाटलांच्या दारात करा म्हणणारे होते, आपल्या वस्तीत करा म्हणणारेही होते. दादांनी गाव आणि वस्तीच्या मधला लिंब दाखवला. म्हणाले, की इथं केला तर कुणालाच कमी चालावं लागणार नाही आणि कुणालाच जास्त नाही.

ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओसरीवर झोपायचे. त्यांचं जेवण घराघरानं पाळीनं द्यायचं ठरलं. पाळीत आपली वस्ती नव्हती. का नव्हती ते तुझ्या ग्रामसेवकांना सांगायला नको, त्यांना कळेल. एकदा ज्या घरची पाळी होती तिथं मयत झाली आणि गडबडीत हे दोघं उपाशी राहिले. कुणाच्या ध्यानात आलं नाही. दादा गेले आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. आई तुझ्या बाळंतपणात होती, म्हणून भाकरी मी थापल्या. पहिली करपली, ती दादांनी गुपचूप आपल्या ताटात घेतली. पाहुणे पोटभर जेवले.

सकाळी चावडीवर दादांना विचारणा झाली. दादा एवढंच म्हणाले, की माणसं उपाशी झोपली असती तर उद्या गाडी आली नसती. गाडी साऱ्या गावाची असेल तर भाकरी पण साऱ्या गावाचीच असती. मग बब्रुवानचे वडील म्हणाले, की बाबू बराबर बोलतोय, वस्ती पाळीत धरा. झालं. भाषण नाही, टाळ्या नाहीत. दादा मरेपर्यंत कशाचेच अध्यक्ष नव्हते.

आता तुझं 'आज' पण इथूनच घे, पुस्तकं कशाला उघडतोस. ती मुक्कामी गाडी दोन वर्षं झाली, बंद आहे. माजी सरपंच बब्रुवान म्हणतो, की माझ्या काळात होती, आताच्यांनी घालवली. रणधीर म्हणून नवा पुढारी उगवला आहे, पांढऱ्या जीपवाला, तो म्हणतो की म्हाताऱ्यांनी घालवली. दोघांचे गट आहेत, गटांत मंच आहेत, मंचांत पदं आहेत. आपली वस्ती पण अर्धी इकडं आणि अर्धी तिकडं. आपला प्रसेनजित रणधीरच्या युवा मंचाचा उपाध्यक्ष झाला आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या. गाडीसाठी प्रत्येकानं वेगवेगळं निवेदन दिलं आणि वेगवेगळा फोटो काढला.

यात प्रीतीचं काय होतंय ते बघ. ती ईटपर्यंत चालत जाते आणि तिथून टमटमनं भूमला. टमटम भरल्याशिवाय हलत नाही. सकाळचं प्रॅक्टिकल निम्मं झालेलं असतं. पुढं तुरी डोक्याएवढ्या झाल्या की त्या रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि मोटरसायकलवरची टारगट पोरं तर आत्ताच मागं लागतात. प्रसेनजितनं सरळ सांगितलं आहे, की गाडी सुरू झाली तर कॉलेज, नाहीतर पोरगी अठराची झालीच आहे. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. तुमच्याकडं तिकडं कॉलेजं लई आहेत म्हणे.

गाडीचं काही जमत असेल तर बघ. जमलं तर स्वतः ये. बाबूचा मुलगा म्हणून तुझं दोन्हीकडचे ऐकतील. भाग्यश्रीला आशीर्वाद, तिच्या आईची तब्येत कळव.

तुझी,
चांगुणाअक्का


छत्रपती संभाजीनगर,
२१ जुलै २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. पत्र मिळालं आणि दोनदा वाचलं.

व्याख्यान फार रंगलं. करपलेल्या भाकरीचा प्रसंग सांगितला तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. संचालकसाहेबांनी नंतर हात हातात घेतला. व्हिडिओ केला आहे, प्रीतीच्या मोबाइलवर पाठवलाय. ती दाखवील तुला. आता इतर जिल्ह्यांतूनही बोलावणी यायला लागली आहेत.

आणि आता खरी बातमी. माझा कॉलेजचा मित्र कल्याणप्पा एसटीच्या विभागीय कार्यालयात आहे. त्याला एक फोन केला. त्यानं फाइल काढायला लावली आणि तुमची मुक्कामी गाडी मंजूर झाली. ऑगस्टच्या मध्यापासून सुरू. तुम्ही दोन वर्षं निवेदनं देत बसलात आणि काम निघालं एका फोनचं. मी येऊन सभा घेण्याची काही गरज आता उरली नाही. प्रीतीला म्हणावं, खिडकीची जागा धर आणि झोप काढत जा.

तिला इकडं ठेवण्याचं तू आडून सुचवलंस ते कळलं. पण अक्का, दोन खोल्यांचं घर, त्यात भाग्यश्रीची आई अंथरुणाला खिळलेली. मुलीची जात, अभ्यासाला कोपरासुद्धा मिळणार नाही. आता गाडीच आली म्हटल्यावर तो प्रश्न मिटला.

तब्येतीला जप. आशीर्वाद राहू देत.

तुझा,
अमरदीप


बोरखळवाडी,
२५ ऑगस्ट २०२४

चि. अमरदीप यास अनेक आशीर्वाद.

आधी तुझा व्हिडिओ. सूट चांगला दिसतो. पण दादांच्या तोंडी तू जे पानभर भाषण घातलंस ते त्यांनी कधी केलं? आणि चावडीवर टाळ्या कुणी वाजवल्या? मी त्या घरात होते, तू पाळण्यात होतास. प्रीती हसून हसून लोळली. दादा असते तर म्हणाले असते, की पोरगं बोलायला लई शिकलं.

आता गाडीचं. तू म्हणालास तशी आली. सोमवारी सकाळी पहिली फेरी भूमवरून येऊन लगेच परत जाणार होती आणि रात्रीपासून मुक्काम सुरू होणार होता. आदल्या दिवशीच गावाला ताप चढला. गाडी कुणी आणली? तुझं नाव कुणीच घेईना. बब्रुवान म्हणाला, की माझ्या निवेदनाला यश आलं. रणधीरनं रातोरात फ्लेक्स लावला, त्यात तो एसटीकडं बोट दाखवून उभा होता. प्रसेनजित त्याच्या मागं.

बब्रुवानची माणसं जुन्या लिंबाखाली हार, नारळ आणि हलगी घेऊन थांबली. रणधीरनं गावाच्या कमानीपाशी वेगळा मांडव घातला. थांबा आता इथंच होणार म्हणाला. गाडी आली ती कमानीवरून, म्हणून आधी रणधीरचा हार चढला, नारळ फुटला, फोटो झाले. प्रीती आणि आणखी चार-पाच पोरी तिथंच चढल्या. प्रीती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. नवा ड्रेस घातला होता तिनं.

गाडी लिंबाखाली आली तर बब्रुवानच्या माणसांनी आधीचा हार ओढून काढला आणि आपला घातला. त्यावर मागून पळत आलेली रणधीरची पोरं अंगावर गेली. दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या. कंडक्टर बिचारा मधे पडला, त्याचं तिकिटाचं मशीन खाली पडून फुटलं. आणि बब्रुवानच्या एका भाच्यानं गाडीसमोर फोडायचा नारळ रागानं गाडीवरच हाणला. समोरची काच तडकली.

ड्रायव्हरनं पोरींना खाली उतरायला सांगितलं, म्हणाला, की बाळांनो, आता ही गाडी आगारात जाईल, प्रवासी घेता येणार न्हाईत. पोरी उतरल्या. रिकामी गाडी दोन्ही हारांपैकी उरलेला अर्धा हार घेऊन गेली, ती परत आलेली नाही. आगारातून निरोप आला, की फेरी बंद.

संध्याकाळी दोन्हीकडं बैठका झाल्या. दोन्हीकडचे खूश होते, की आपण माघार घेतली नाही. प्रीती दप्तर उशाला घेऊन पडून होती.

तू ये. फोनानं काम होतं ते मी बघितलं, पण टिकत नाही हे पण बघितलं. माझं मन फार खट्टू झालं आहे.

चांगुणाअक्का


छत्रपती संभाजीनगर,
८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून संताप आला आणि लाजही वाटली. कल्याणप्पानं तर दोन दिवस माझा फोनच घेतला नाही. नंतर घेतला तेव्हा म्हणाला, की तुझं गाव म्हणून रदबदली केली, आता वरचे मला विचारतात की काचेचं काय. पुन्हा त्याला सांगायला मला तोंड नाही.

अक्का, आपल्या समाजाचं हेच दुखणं आहे. नेता म्हणजे पुढं उभा राहणारा असं लोकांना वाटतं. खरा नेता माणसांना जोडतो. श्रेय वाटून देतो. हे तू गावात चार बायकांना जमवून समजावून सांग. मी एकत्रित निवेदनाचा नमुना सोबत टाइप करून पाठवतोय. सर्व गटांच्या सह्या एकाच कागदावर घ्यायच्या, कुणाचंही नाव वर नाही, वर्तुळात सह्या करायच्या. प्रशिक्षणात आम्ही ही पद्धत शिकवतो, फार परिणामकारक आहे.

मी यायचं म्हणतेस, पण पुढचे दोन महिने लातूर, बीड, हिंगोली असा दौरा लागला आहे. प्रीतीला धीर दे. विद्यार्थ्यानं अडचणीतून मार्ग काढायचा असतो, मीही ईटपर्यंत चालतच जात होतो.

तुझ्या मायेचा भुकेला,
अमरदीप


बोरखळवाडी,
६ ऑक्टोबर २०२४

चि. अमरदीपला आशीर्वाद.

तू चालत जात होतास हे खरं. तुझ्यामागं मोटरसायकलवरून कुणी गाणी म्हणत येत नव्हतं.

तुझा वर्तुळाचा कागद दोन्ही दारांत फिरवला. बब्रुवान म्हणाला, की वर्तुळ ठीक आहे पण पहिली सही कुणाची? रणधीर म्हणाला, की वर्तुळाच्या मधे मंचाचा शिक्का मारू. कागद चुलीवर ठेवला नाही, तू पाठवलास म्हणून जपून ठेवला आहे.

मग मी स्वतःच उठले. प्रीतीबरोबर टमटमनं भूमला गेले आणि आगारातल्या साहेबांना भेटले. तरुण आहेत, चांगले आहेत. मला खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाले, की आजी, गाडी आहे, माणसं आहेत, आम्हाला काय हौस आहे बंद ठेवायची? पण तुमच्या वाडीतून आत्तापर्यंत इतकी माणसं येऊन गेली आणि प्रत्येक जण म्हणाला की गाव माझ्यामागं आहे. बोलायला एकानं या. साऱ्या गावानं मिळून एक माणूस द्या, तो लिहून देईल की गाडीला धक्का लागणार नाही आणि थांबा ठरलेला राहील. दुसऱ्या दिवशी गाडी सोडतो.

मी परत येऊन शाळेपुढं सगळ्यांना बोलावलं. आले सगळे, मला बाबूची मुलगी म्हणून मानतात. मी उभी राहून सांगितलं, की पोरींचं शिक्षण बुडतंय, एक नाव द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बब्रुवानचं नाव निघालं, रणधीरच्या लोकांनी पाडलं. रणधीरचं निघालं, बब्रुवानच्या लोकांनी पाडलं. कुणीतरी माझं सुचवलं तर दोन्हीकडून एकदमच आलं, की चांगुणाबाई आमच्या मार्गदर्शक आहेत, त्यांना कशाला त्रास. हार घालून मला खाली बसवलं. अशी मी मार्गदर्शक झाले.

शेवटी थकून बब्रुवानच म्हणाला, की बाबूचा अमरदीप आला तर आमची ना न्हाय. मी रणधीरकडं बघितलं. तोही म्हणाला, की अमरदीपमामा चालतील, ते कुणाच्याच गटाचे न्हाईत. अमरदीप, दोन वर्षांत हे पहिलं नाव आहे ज्यावर ही वाडी एक झाली. त्यात तुझी कर्तबगारी नाही, दादांची आहे, हे मी मुद्दाम लिहिते.

तुला फक्त एक दिवस यायचं आहे. शाळेपुढं उभं राहायचं, दोघांना शेजारी बसवायचं, आगारात जाऊन सही करायची. जेवायला मी आहेच.

प्रीतीची प्रॅक्टिकलं फार बुडली. कॉलेजातून समज आली आहे. प्रसेनजितनं दिवाळीपर्यंत वाट बघतो म्हणून मला शब्द दिला आहे. तो वाईट बाप नाही, घाबरलेला बाप आहे. रणधीरनं अणदूरकडचं एक स्थळ आणून ठेवलं आहे. दिवाळीच्या आत ये. मी आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही, हे मागते.

तुझी,
चांगुणाअक्का


छत्रपती संभाजीनगर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. दोन्ही गटांनी माझ्या नावावर एक व्हावं हा मी दादांचाच सन्मान समजतो.

पण वेळ बघ कशी आली. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि मतदान अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्यावर पडली. निकाल लागेपर्यंत रजा नाही, मुख्यालय सोडायचं नाही असा आदेश आहे. साहेबांना विचारून बघणार होतो, पण अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही.

आणि खरं सांगू? मी नीट विचार केला तेव्हा वाटलं, की बाहेरच्या माणसानं येऊन गावाचा प्रश्न सोडवणं हे तात्पुरतं औषध आहे. नेतृत्व मातीतूनच उगवायला हवं. मी सही करून निघून येणार आणि पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा माझी वाट बघणार. तू प्रसेनजितलाच पुढं कर. तो उपाध्यक्ष आहे, त्याला म्हणावं हीच संधी आहे.

निकालानंतर मी नक्की येतो. महिन्याचा तर प्रश्न आहे. तोवर त्याला थांबायला सांग, माझं नाव सांग. दिवाळीला प्रीतीसाठी ड्रेसचं कापड कुरिअरनं पाठवतोय.

राग मानू नकोस.

तुझा,
अमरदीप


छत्रपती संभाजीनगर,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

माझ्या पत्राला तुझं उत्तर नाही. एवढे दिवस तू कधी गप्प बसली नाहीस. दिवाळीत फोन केला तर प्रसेनजितनं सगळं ठीक आहे म्हणून दोन शब्दांत ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही.

काल निकाल लागला. निवडून आलेल्यांच्या मिरवणुका खालून जात होत्या, गुलालानं रस्ता लाल झाला होता. मी गॅलरीत उभा होतो आणि का कोण जाणे, मला तुझी ती सभा दिसायला लागली. तू शाळेपुढं उभी, लोक टाळ्या वाजवताहेत. मी हे सगळं भाग्यश्रीला सांगितलं. तुझं ऑक्टोबरचं पत्रही तिला वाचायला दिलं, इतके दिवस दिलं नव्हतं. तिनं वाचलं आणि मला विचारलं, की एका दिवसाची रजा तुम्ही मागून तरी पाहिली होती का?

वरातीमागून घोडं म्हणशील, पण मी येतोय. ८ डिसेंबरला, रविवारी. सोमवारची रजा आज सकाळीच साहेबांना फोन करून मागितली, त्यांनी एका शब्दात दिली. रविवारी शाळेपुढं बसू, सोमवारी आगारात जाऊन सही करू.

आणि एवढ्यानंही गाडी आली नाही, तर प्रीतीला मी माझ्याबरोबर घेऊन येईन. भाग्यश्रीच म्हणाली. तिच्या आईची खाट बाहेरच्या खोलीत घेऊ, आतल्या खोलीत प्रीती अभ्यास करील. इथल्या कॉलेजात पुढच्या वर्षी नाव घालू, वर्ष गेलं तर गेलं. प्रसेनजितला सांग, की मामानं पोरीची जबाबदारी घेतली.

प्रीतीला वह्या-पुस्तकं बांधून ठेवायला सांग. बाकी समक्ष बोलू. तुझ्या हातची भाकरी खायची आहे.

तुझा,
अमरदीप


बोरखळवाडी,
१ डिसेंबर २०२४

चि. अमरदीप यास अनेक आशीर्वाद. सौ. भाग्यश्रीला जास्त आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी गप्प होते कारण लिहायला हात उचलत नव्हता.

प्रीतीचं लग्न ठरलं. ज्या दिवशी तू हे पत्र लिहीत होतास त्याच दिवशी साखरपुडा झाला. अणदूरकडचा मुलगा, सोलापूरला कारखान्यात आहे. मुलगा बरा आहे, त्याला नावं ठेवायला मला जागा नाही. प्रसेनजितनं दिवाळीपर्यंत खरंच वाट बघितली. दिवाळीनंतर एकदा त्या रस्त्यावर पोरांनी प्रीतीची ओढणी ओढली. ती ईटपासून पळत घरी आली. त्यानंतर तिचा बाप ऐकायच्या पलीकडं गेला. तुला आधी कळवलं नाही, कारण पत्रिका छापून झाल्यावर मामाकडं मानानं आमंत्रण घेऊन जायचं असं त्याचं म्हणणं होतं.

लग्न १५ डिसेंबरला आहे, रविवारी. एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे, तुझ्या व्याख्यानात घाल नाहीतर घालू नकोस. लग्नाचं बोलायला शाळेपुढं सगळे जमले. बब्रुवान आला, रणधीर आला, दोघं एका सतरंजीवर बसले. रणधीरनं पाहुण्यांना आणायला दोन जीपा देतो म्हणून सांगितलं. बब्रुवाननं मांडवासाठी आपलं खळं दिलं आणि वऱ्हाड रस्त्यात अडकू नये म्हणून ट्रॅक्टर लावून ईटपर्यंतचे खड्डे भरून घेतो म्हणाला. भरले पण. कुणाचं नाव आधी, कुणाचा मान आधी, असा शब्द निघाला नाही. चहा संपायच्या आत सगळं ठरलं. मी तिथंच बसले होते. पोरीला शिकायला पाठवायला दोन वर्षं एक गाडी मिळाली नाही, आणि तिला धाडून द्यायला गावानं एका बैठकीत तीन वाहनं काढली. आणि सगळे इतक्या प्रेमानं करत होते की मला कुणावर रागावता पण येईना.

तुझं पत्र घेऊन मी प्रसेनजितकडं गेले. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, की आई, मामांनी हे दिवाळीच्या आत लिहिलं असतं तर मी थांबलो असतो, आता बब्रुवानआप्पा आणि रणधीर दोघांच्या साक्षीनं शब्द दिलाय, पाहुण्यांच्या घरी पत्रिका गेल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, की मोड शब्द, मी उभी राहते तुझ्यामागं. तो म्हणाला, की तू उभी राहशील गं, पण बाकी कोण? मी गावातली दहा घरं मनातल्या मनात फिरले. एक दार सापडलं नाही. दादा असते तर ते काय म्हणाले असते ते मला अजून सुचलेलं नाही. मी त्यांची मुलगी आहे, त्यांच्यासारखी नाही. म्हातारपणी हे कळणं फार जड जातं रे.

मग पत्र प्रीतीला दिलं, कारण ते तिचंच होतं. तिनं सगळं वाचलं. आतल्या खोलीचं वाचताना थोडं थांबली. घडी घालून मला परत दिलं आणि पीठ मळायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, की आजी, मामाआजोबांना लिही, ८ तारखेला येऊ नका म्हणावं, एकदम १५ ला या. दोन-दोनदा रजा मागायला त्यांना बरं वाटणार नाही.

तेव्हा तसं कर. भाग्यश्रीला बरोबर आण. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, होणार पण नाही.

तुझी,
चांगुणाअक्का